झील कोणी धरायची? एकट्या रॅपरविषयीचे दोन निकाल

मराठी रॅपविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले-बोलले जाते त्यात एक गोष्ट चटकन जाणवते. रॅपर समूहात असेपर्यंत समीक्षक निर्धास्त असतो. समूह म्हणजे वस्ती, वस्ती म्हणजे जात किंवा वर्ग आणि जात-वर्ग म्हणजे चळवळ, असे समीकरण एकदा मांडले की संहितेकडे पाहण्याची गरजच उरत नाही. अडचण सुरू होते ती त्या समूहातला एखादा जण स्वतःच्या नावाने एकटा उभा राहतो तेव्हा. मग दोनच निकाल दिले जातात. तो विकला गेला, हा एक. त्याला अखेर ‘स्वतःचा आवाज’ सापडला, हा दुसरा. पहिला निकाल चळवळीच्या नीतिशास्त्रातून येतो, दुसरा नवकाव्यापासून आपण जोपासलेल्या आत्मनिष्ठेच्या कल्पनेतून. दोन्ही परस्परविरोधी भासतात. परंतु त्यांचे गृहीतक एकच आहे. ‘आम्ही’ आणि ‘मी’ ही दोन स्वतंत्र घरे असून एकातून निघाल्यावाचून दुसऱ्यात जाता येत नाही, हे ते गृहीतक. प्रस्तुत लेखाचा वाद त्याच्याशी आहे.

उदाहरण समोरचेच घेऊ. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत आकाराला आलेला ‘स्वदेशी’ हा समूह भारतीय हिप-हॉपमध्ये सुपरिचित आहे. मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांतून तो बोलतो. ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) या रचनेत त्याने आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांना बरोबर घेतले. समूहात गुजरातीतून रॅप करणारा धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी गेला. याच समूहातून पुढे आलेला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीतून रॅप करतो. ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गीतात तो अनेक आवाजांपैकी एक होता. २०२३ मध्ये ‘एमटीव्ही हसल’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात तो एकट्याच्या नावाने उतरला. ते नाव तो ‘१००आरबीएच’ असे लिहितो. त्यातला आकडा मराठीत वाचला तर नाव उभेच राहत नाही. ‘सौ’ हा हिंदी उच्चार केला तरच ‘सौरभ’ ऐकू येतो. एकट्याने धारण केलेल्या नावातही दुसऱ्या भाषेची सोबत आहे. परकीय वृत्ती म्हणून रॅपला दाराबाहेर ठेवणाऱ्या देशीवादी समीक्षकाने ‘स्वदेशी’ या नावाची आणि या नावातील संकराची एकत्र संगती लावून दाखवावी. ती लागत नाही, कारण देशीयता ही वस्तूच्या उगमात शोधायची की वापरात, हा प्रश्न आपण सोडवलेला नाही.

समूहातून एकट्याने पुढे येणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. होनाजी-बाळा हे आपण एकाच माणसाचे नाव असल्यासारखे उच्चारतो. त्यातला होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा करंजकर गाई. शब्द एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, तर रचनेतला ‘मी’ कोणाचा? लावणीच्या अभ्यासात हा प्रश्न आपण चरित्रात्मक तपशील म्हणून मागे टाकला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले, तेव्हा तोच प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला. त्याचे आपण काय केले? कलापथकातले अण्णाभाऊ लोकनाट्याच्या प्रकरणात ठेवले आणि ‘फकिरा’ (१९५९) लिहिणारे अण्णाभाऊ कादंबरीच्या. फडापुढे वग रचणाऱ्या लेखकाच्या कादंबरीतील निवेदक श्रोत्यांना उद्देशून का बोलतो, हे विचारले असते तर दोन प्रकरणे जोडली गेली असती. त्याऐवजी त्या निवेदनशैलीला ‘भाबडी’ आणि ‘भडक’ म्हणून आपण मोकळे झालो. अमर शेखांच्या वाट्याला ‘पहाडी आवाज’ हे विशेषण आले आणि ‘कलश’चा कवी त्या आवाजाखाली दबून गेला. दोघेही १९६९ मध्ये वारले. त्यांच्याविषयीची ही चूक आज सौरभ अभ्यंकरसारख्याच्या बाबतीत पुन्हा होऊ घातली आहे.

या चुकीचे मूळ एका संज्ञेच्या उपेक्षेत आहे. पोवाडा म्हणताना शाहीर पुढे असतो आणि झीलकरी मागे. शाहिराची ओळ जेथे संपते तेथे झीलकरी तिचा शेवट उचलतात, ‘जी’ लावतात आणि ओळ परत त्याच्या हाती देतात. याला आपण ‘साथ’ म्हणतो, म्हणजेच गौण मानतो. वास्तविक झील तीन कामे करते. ती शाहिराला श्वास घ्यायला अवसर देते. जे सांगितले त्याला साक्ष देते. आणि एकाने उच्चारलेला शब्द दुसऱ्यांच्या तोंडी घालून त्याची मालकी बदलते. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. पोवाड्यातला ‘आम्ही’ शाहिराच्या मनात आधीच सिद्ध नसतो. ओळ उचलली जाते त्या क्षणी तो घडतो. रॅपच्या समूहातही ओळीच्या टोकाचा शब्द शेजारचा रॅपर आपटून म्हणतो, तेव्हा हेच घडते.

आता हा रॅपर एकटा उभा राहिला की काय होते? झील नाहीशी होत नाही; ती मजकुरात आणावी लागते. ध्वनिमुद्रणात तो बहुधा स्वतःच दुसऱ्या ट्रॅकवर स्वतःचे शब्द उचलतो. येथून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने गेल्यास मागचा आवाज पुढच्याची केवळ री ओढतो आणि ‘मी’ दुप्पट मोठा होतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास ओळ मुद्दाम अपुरी ठेवली जाते, प्रश्न सोडला जातो, बोलीतला एखादा शब्द असा टाकला जातो की तो उचलायला ऐकणाऱ्याला पुढे यावे लागते. एकट्या रॅपरच्या संहितेचे मूल्यमापन या भेदावर करता येते. तो समूहात राहिला की गेला, हा तपशील त्यासाठी अपुरा आहे.

ज्या परंपरेतून रॅप आला तीही या दोन निकालांच्या बाजूने साक्ष देत नाही. ‘एन.डब्ल्यू.ए.’ या गटासाठी आइस क्यूबने पुष्कळसे शब्द लिहिले, आणि ते इतरांनीही उच्चारले. मोबदल्याच्या वादातून १९८९ मध्ये तो बाहेर पडला. परंतु १९९० चा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम ‘पब्लिक एनिमी’च्या निर्मात्यांच्या चमूबरोबर घडला. एक समूह सोडून उभे राहताना त्याला दुसऱ्या समूहाचा हात लागला. ‘वू-टँग क्लॅन’ने तर पहिल्या करारातच सदस्यांना इतर कंपन्यांकडे स्वतंत्र अल्बम करण्याची मोकळीक मिळवली. मेथड मॅनचा १९९४ चा आणि जीझेडएचा १९९५ चा अल्बम वेगवेगळ्या कंपन्यांनी काढले. दोन्हींच्या संगीतामागे प्रामुख्याने रिझा हा एकच हात होता. म्हणजे एकट्याने गाणे आणि समूह सोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. आपण त्या एक मानतो, कारण ‘निष्ठा’ हा राजकीय शब्द आपण वाङ्मयीन निकष म्हणून वापरतो.

हे अमूर्त वाटत असेल तर जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीकडे पाहावे. २०१६ मध्ये मराठा समाजाचे जे मोर्चे निघाले ते मूक होते; नेता नाही, भाषण नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. त्याच लाटेतली घोषणा ‘एक मराठा, लाख मराठा’. एकवचन आणि बहुवचन यांच्यामध्ये या घोषणेत क्रियापदही नाही. पुढे २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर ते गाव राज्यभर पोहोचले. जो समूह सात वर्षांपूर्वी बोलायचे नाही असे ठरवून चालला होता, तो आता एका माणसाच्या क्षीण होत जाणाऱ्या आवाजातून बोलू लागला. हा माणूस समूहातून ‘बाहेर पडला’ असे कोणी म्हटले नाही. मागणीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे कर्तव्य नाही. मुद्दा उच्चाराच्या रचनेचा आहे. एकाचा उच्चार लाखाचा होतो तो लाखांनी उचलल्यामुळे, हे त्या मांडवात बसलेल्या माणसाला कळते आणि आपल्या समीक्षेला कळत नाही.

परंतु गोष्ट येथेच थांबवली तर समूहाचे आणखी एक भाबडे स्तोत्र तयार होईल. जून २०२४ मध्ये याच अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथे ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. काही किलोमीटरच्या अंतरात दोन ‘आम्ही’ उभे राहिले आणि प्रत्येकाच्या कडेला दुसरा उभा होता. कोणताही ‘आम्ही’ कोणाला तरी बाहेर ठेवूनच उच्चारला जातो. समूहगीताला ही सीमा सहसा दिसत नाही, कारण झील धरणारे सगळे आतलेच असतात. एकटा गाणारा मात्र झीलकऱ्यांवाचून अनोळखी श्रोत्यांपुढे उभा असतो. आपला ‘आम्ही’ कोठे संपतो हे ओळखण्याची संधी त्यालाच अधिक असते. एकट्याच्या कारकिर्दीचे वाङ्मयीन मोल मला येथे दिसते.

यावर आक्षेप येईल तो बाजाराचा. दूरचित्रवाणीची स्पर्धा एकेकाला गाळत जाते, रॅपरकडून संघर्षाची आत्मकथा मागते आणि तिचे रूपांतर मनोरंजनात करते, हे खरेच आहे. पण ‘अनुभवाची प्रामाणिकता’ हा निकष आत्मकथेची हीच मागणी आदराने करत आला, हे विसरता येणार नाही. पैठणच्या एकनाथांचे भारूड घ्या. त्यातला ‘मी’ कधी आंधळा असतो, कधी जोगवा मागणारी बाई, कधी जोहार घालणारा महार. दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्याचा हा अधिकार कोणाला आणि किती, असा रास्त प्रश्न दलित समीक्षेच्या दृष्टीतून विचारावाच लागतो. परंतु ‘मी’ ही धारण करण्याची भूमिका आहे, एवढे तरी भारुडाच्या प्रदेशातल्या समीक्षकाला ठाऊक असायला हवे. स्पर्धेच्या मंचावर मराठीतून बोलणारा रॅपर आत्मकथाच सांगतो आहे, हे ऐकण्याआधीच ठरवणारा समीक्षक बाजाराचेच काम करतो.

कायद्यालाही एकच कर्ता लागतो. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे या दोन रॅपरांवर त्यांच्या राजकीय रचनांबद्दल पोलिसांत तक्रारी नोंदल्या गेल्या. ज्या ओळी असंख्यांनी मोबाइलवरून पुढे पाठवल्या, त्यांची जबाबदारी एकेका नावावर आली. उचलताना सगळे आणि उत्तर देताना एकटा, ही एकट्या गाणाऱ्याची खरी स्थिती आहे. ‘तो विकला गेला’ असे म्हणणाऱ्याने ही जोखीम हिशेबात धरलेली नसते.

आणि समूहाच्या न्यायासनावर इतका विश्वास ठेवण्यापूर्वी विलास घोगरे आठवावेत. ‘आव्हान नाट्य मंच’च्या या शाहिराला त्याच्या संघटनेने दूर केले होते, हे आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटातून आपल्यासमोर आले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला. १५ जुलैला घोगऱ्यांनी आयुष्य संपवले. त्या मृत्यूचा अर्थ एका कारणात कोंबणे अश्लाघ्य ठरेल. मात्र संघटनेबाहेर पडलेल्या शाहिराचा ‘आम्ही’ मेलेला नसतो, तो शेवटपर्यंत कोणाशी तरी बोलत असतो, एवढे त्यातून कळायला हरकत नाही. आपण त्यांच्या रचना मृत्युलेखापलीकडे नेऊन वाचल्या का?

रॅपवरच्या प्रबंधिका आता पदव्युत्तर वर्गांतून लिहिल्या जाऊ लागतील. त्या ‘रॅप हा आजचा पोवाडा’ या वाक्याने सुरू झाल्या तर ते वाक्य शेवटपर्यंत निभवावे लागेल. पोवाडा म्हटला की झील आली. तेव्हा एकट्या रॅपरची रचना हाती घेताना त्याच्या मुलाखती आणि समूहाचा इतिहास थोडा वेळ बाजूला ठेवावा, रचना ऐकावी, आणि प्रत्येक ओळ जेथे तुटते तेथे थांबून विचारावे की ती कोणी उचलावी म्हणून तुटली आहे, आणि ती उचलणे कोणाला शक्यच नाही. अण्णाभाऊंच्या निवेदकाला हा प्रश्न विचारायला आपण विसरलो. त्याची भरपाई आता करायची तर ‘फकिरा’ही याच कानाने पुन्हा वाचावी लागेल.