लिस्बनच्या ओट्यापाशी

लिस्बनमध्ये सकाळी रस्त्यावर पाऊल टाकले की पहिला दरवळ येतो तो भाजलेल्या साखरेचा आणि दालचिनीचा. जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर ‘पाश्तेलारिया’ असते, म्हणजे कॉफी आणि भट्टीतल्या गोड पदार्थांचे दुकान. तिच्या काचेआड तळहातात मावतील अशा पिवळ्या वाट्या रांगेने मांडलेल्या दिसतात; कडा पापुद्र्यांच्या, माथ्यावर करपलेले ठिपके. हाच जगभर नाव झालेला ‘पाश्तेल द नाता’. महाराष्ट्रातून मुलांना घेऊन गेलेल्या जैन कुटुंबाची पहिली कसोटी या काचेपुढेच लागते, कारण वाटीतला तो पिवळा रंग अंड्याच्या बलकाचा असतो.

दोन-तीन दिवसांत ‘ते नको हं बाळा, त्यात अंडं आहे’ हे वाक्य मुलाच्या कानावर इतक्यांदा पडते की ते पुढे विचारणेच सोडून देते. मोठ्यांच्या नकारामागे आयुष्यभराचा विचार उभा असतो. सहा वर्षांच्या मुलापुढे मात्र नुसती काच असते. परदेशात आहाराचा नियम पाळणे तसे फार कठीण नाही. सामानात खाकरे, भाजके पोहे आणि चटणीची बरणी असतेच. कठीण असते ते हे की तो नियम मुलाच्या मनात ‘नाही’ या एका शब्दाएवढाच उरू नये.

अशा कुटुंबासाठी हाताने करून शिकायचा स्वयंपाकवर्ग फार उपयोगी पडतो. लिस्बन आणि पोर्तो या दोन्ही शहरांत प्रवाशांसाठी असे वर्ग चालतात आणि त्यांतले काही लहान मुलांनाही घेतात. कार्यक्रम साधारण तीन-चार तासांचा असतो: कधी आधी बाजारात फेरफटका, मग ओट्यापाशी मळणे, चिरणे, ढवळणे आणि शेवटी स्वतः केलेले सर्वांनी मिळून जेवणे. उपाहारगृहात पदार्थ तयार होऊन समोर येतो आणि ‘यात काय आहे?’ हा प्रश्न उशिरा विचारला जातो. ओट्यापाशी तो सर्वांत आधी येतो. त्याचे उत्तर मूल स्वतःच्या हातांनी भांड्यात घालत असते.

मात्र कोणता वर्ग घ्यायचा, हे ठरवताना पालक घाई करतात. सर्वाधिक जाहिरात नाताच्या वर्गाची असते आणि तो मुलांना आवडतो याचे कारणही खरे आहे. मैदा, पाणी, मीठ आणि लोणी यांची घडीवर घडी घालून लाटलेली पोळी गुंडाळून तिची वळकटी करतात. तिचे पेढ्याएवढे तुकडे धातूच्या छोट्या साच्यांत ठेवतात आणि पाण्यात बुडवलेल्या अंगठ्याने ते पीठ दाबत दाबत साच्याच्या कडेपर्यंत चढवतात. पणती घडवण्यासारखेच हे काम. मुले त्यात रंगून जातात. इथपर्यंत वर्ज्य असे त्यात काही नाही. नंतर साखरेचा पाक, दूध आणि बलक यांचे मिश्रण ओट्यावर येते आणि आपल्या मुलाला मागे सरावे लागते. साचे अडीचशे अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत जातात, बाकीची मुले फुगणाऱ्या वाट्या पाहत उड्या मारतात, आणि हे मूल पुन्हा काचेच्या अलीकडे. अंडे न घालता केलेले नाताही आता लिस्बनमध्ये मिळतात. ते अवश्य खावेत. पण शिकण्यासाठी नक्कल निवडण्यापेक्षा जो पदार्थ मुळातच आपल्या ताटात बसतो तो निवडणे बरे, कारण मग मुलाला कुठल्याच टप्प्यावर बाजूला उभे राहावे लागत नाही.

पोर्तुगीज मिठाईत एवढे बलक कुठून आले, याचा माग मठांपर्यंत जातो. साध्वींची वस्त्रे कडक करण्यासाठी अंड्यातला पांढरा भाग वापरला जाई आणि उरलेले बलक साखरेत शिजवले जात, असे सांगतात. बेलें भागातील जेरोनिमुश मठाशी नाताचे नाव जोडलेले आहे. १८३४ साली देशातले मठ बंद झाले आणि १८३७ पासून मठाजवळच्या दुकानात ही मिठाई विकली जाऊ लागली. ते दुकान आजही चालू आहे. या मठांच्या मिठाईत एक धोका अंड्याहून लपलेला असतो. ‘तोसिन्यु दु सेउ’ हा पदार्थ बदामाचा म्हणून समोर येतो, पण त्याच्या नावाचाच अर्थ ‘स्वर्गातली डुकराची चरबी’ असा आहे आणि जुन्या कृतीत ती असतेही. तेव्हा पोर्तुगालला निघण्यापूर्वी ‘ओब्रिगादु’, म्हणजे धन्यवाद, या शब्दाच्याही आधी शिकण्यासारखा शब्द म्हणजे ‘बान्या’: चरबी.

वर्ग ठरवताना सगळे लेखी कळवावे. अंडे, मांस, मासे, चरबी, जिलेटिन, मद्य यांतले काहीही चालणार नाही हे एकेक नाव घेऊन लिहावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण तिथल्या बोलण्यात शाकाहारात अंडे सहज बसते. ‘वेगन’ म्हटले तर दूध-तूपही जाते. म्हणून वेगन म्हणून सांगावे आणि दूध, लोणी चालेल अशी पुस्ती जोडावी. असे पत्र वाचून तिथला स्वयंपाकी गोंधळून जात नाही. २०१७ साली झालेल्या कायद्याने पोर्तुगालमधील सरकारी शाळा, विद्यापीठे, रुग्णालये आणि तुरुंग यांच्या भोजनगृहांत प्राणिजन्य काहीही नसलेला एक पर्याय ठेवणे बंधनकारक केले आहे. विचारायचे आणखी एक राहते: तळणाचे तेल नवे असेल का? एरवी त्याच कढईत खारवलेल्या कॉड माशाचे, म्हणजे ‘बाकल्याव’चे, वडे तळलेले असायचे. शक्य असल्यास दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांनी मिळून पूर्ण वर्गच आपल्यापुरता घ्यावा. शेजारच्या ओट्यावर बाकल्याव भिजत पडलेला असला तर त्याचा उग्र वास मुलांना सहन होत नाही आणि मोठ्यांनाही.

वेळेचाही विचार हवा. पोर्तुगीज माणूस रात्री आठच्या पुढेच जेवायला बसतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना जूनमध्ये अडचण येत नाही, कारण तेव्हा लिस्बनला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात तो सव्वापाचलाच जातो. म्हणून हिवाळ्यात सकाळचाच वर्ग घ्यावा. मुले तेव्हा ताजीतवानीही असतात.

आता पदार्थ. तळणात ‘पैशीन्युश दा ऑर्ता’ निवडता येतो: फरसबीच्या शेंगा अर्धवट उकडून, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळलेली भजी. पिठात पुष्कळदा अंडे घालतात, पण थंडगार सोडावॉटरने ते तितकेच हलके होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानला पोहोचले आणि तिथल्या ‘तेम्पुरा’चे मूळ या भज्यांत आहे असे मानले जाते. अडचण आहे ती नावाची. त्याचा अर्थ होतो ‘मळ्यातले छोटे मासे’. तळलेली शेंग तशी दिसते म्हणून. ज्या परंपरेत यशोधर राजाची कथा सांगितली जाते, तिथे हे नाव हसण्यावारी नेता येत नाही. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’मध्ये ती विस्ताराने आली आहे: कोंबडा पिठाचाच होता, पण बळी देण्याचा भाव खरा होता, आणि राजाला व त्याच्या आईला त्याचे फळ अनेक जन्म भोगावे लागले. एखाद्या आजीने नातवंडांना ही गोष्ट सांगितलेली असेल तर मूल वर्गातच म्हणेल, ‘मग आपण याला मासे कशाला म्हणायचं?’ त्या प्रश्नाला घाईने गप्प करू नये. शिकवणाऱ्यालाही तो भाषांतर करून सांगावा. फरसबीची भजी म्हटल्याने चवीत काही उणे होत नाही.

सुपांत ‘काल्दु वेर्द’ सर्वांत प्रसिद्ध, पण त्यात बटाटा, कांदा, लसूण आणि वर मांसाच्या चकत्या. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घराला त्यातली फक्त भाजी उरते. तरी ती भाजी मुलांना बाजारात जरूर दाखवावी. मोठ्या, गडद हिरव्या पानांची गुंडाळी करून विक्रेते ती केसांसारखी बारीक चिरून देतात. पोर्तुगीजमध्ये तिला ‘कोव’ म्हणतात आणि आपला ‘कोबी’ हा शब्द तिथूनच आला. मग बाजारभर शोधाचा खेळ सुरू होतो: पावाला ‘पाँव’, बटाट्याला ‘बताता’, काजूला ‘काजू’, अननसाला ‘अननाश’. मुलांना वाटते, या लोकांनी आपले शब्द घेतले. खरे तर वसई, चौल, मुंबई आणि गोवा येथे आलेल्या पोर्तुगीजांकडून ते आपल्याकडे आले. काजू आणि अननस ही झाडेसुद्धा त्यांनीच अमेरिका खंडातून आणली. वडिलांचा ‘पगार’देखील पोर्तुगीज आहे, हे कळल्यावर मुले ते आठवडाभर प्रत्येकाला सांगत सुटतात.

पावांमध्ये ‘ब्रोआ’ शिकावा. हा मक्याच्या पिठाचा, उत्तर पोर्तुगालचा पाव. मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून त्यावर आधी उकळते पाणी ओततात आणि मगच राय किंवा गव्हाचे पीठ घालून मळतात. ज्वारीच्या भाकरीला आधण घालणाऱ्या घरातल्या मुलाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. पिठाचा गोळा पीठ भुरभुरलेल्या वाडग्यात टाकून वाडगा हिसके देत फिरवला की तो आपोआप गोल होतो. हे काम मुलांकडेच सोपवावे आणि जमिनीवर पडलेल्या पिठाकडे दुर्लक्ष करावे. यीस्ट न चालणाऱ्या कुटुंबांनी हा पदार्थ वगळून वेळ तांदळाच्या गोडाला द्यावा.

वर्गाच्या सुरुवातीला पुष्कळदा चीजची ताटली ठेवतात. आपली माणसे ती न बघताच बाजूला सारतात, कारण चीज म्हणजे वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेले, ही समजूत बहुतेक ठिकाणी खरीच असते. पोर्तुगालमध्ये मात्र सेर्रा दा एश्त्रेला, अझैताँव, सेर्पा ही मेंढीच्या दुधाची नामांकित चीज एका काटेरी रानफुलाच्या तंतूंनी विरजतात. जांभळ्या फुलाचे वाळलेले तंतू पाण्यात कुस्करून ते पाणी दुधात घालायचे. ते खायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. फूल मुलांना पाहायला मागावे.

शेवटी ‘अरोझ दोस’, म्हणजे गोड भात. युरोपात माणशी सर्वाधिक तांदूळ खाणारा देश म्हणून पोर्तुगालचे नाव घेतले जाते. मोंदेगु, तेजु आणि सादु या नद्यांच्या खोऱ्यांत ‘कारोलिनु’ हा जाडसर दाण्याचा तांदूळ पिकतो. तो आधी थोड्या पाण्यात लिंबाची पिवळी साल, दालचिनीची काडी आणि चिमूटभर मीठ घालून शिजवतात. मग गरम दूध थोडे थोडे ओतत ढवळत राहतात. साखर अगदी शेवटी, कारण आधी घातली तर दाणा टणक राहतो. काही घरांत उतरवताना बलक घालतात, काही घरांत घालत नाहीत. दोन्ही रीती तितक्याच पोर्तुगीज आहेत. म्हणजे इथे कुणाला काही वगळण्याची विनंती करायची नसते, दोन रीतींपैकी एक सांगायची असते. ढवळण्याचे काम अर्धा तास चालते आणि मुले पाळीपाळीने स्टुलावर चढतात.

भात पसरट ताटल्यांत ओतून निवला की दालचिनीची पूड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून वर नक्षी काढतात: जाळी, हृदयाकृती, नावाचे पहिले अक्षर. शिकवणारी बाई हे हळूहळू दाखवू लागते आणि दारात रांगोळी पाहत वाढलेली मुलगी तिच्याआधीच सरळ रेघ ओढून मोकळी होते. तीन तासांत पहिल्यांदाच शिकवणारे मागे उभे राहून पाहतात. एक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते. मंदिरात तांदळाचे स्वस्तिक काढणाऱ्या मुलाचा हात इथेही तिकडेच वळतो, आणि युरोपात त्या आकृतीला दुसऱ्या महायुद्धाची भयंकर आठवण चिकटलेली आहे. मुलाला रागावू नये. त्याचे स्वस्तिक वेगळे आहे, पण शेजारी बसलेल्या आजोबांना ते पाहून दुःख होईल, एवढे सांगितले की मूल कमळ काढते.

घरी आल्यावर हा भात आंबेमोहोराचा चांगला होतो. एक वाटी तांदळाला दूध पाच-सहा वाट्या घ्यावे. कागदी लिंबाची साल पातळ आणि कडवट असते, तिच्याऐवजी ईडलिंबाची साल आतला पांढरा भाग टाळून काढावी. दालचिनीची पूड वस्त्रगाळ आणि कोरडी हवी, आणि भातावर साय धरल्याशिवाय नक्षीला हात लावू नये. नाहीतर रेघा पसरतात.