शोकाच्या शिरस्त्यापलीकडचे बार्बर

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये निवर्तले, तेव्हा त्या वार्तेपाठोपाठ अमेरिकेच्या नभोवाणीवरून जी संगीतरचना ऐकविण्यात आली, तीच अठरा वर्षांनी जॉन केनेडी यांच्या हत्येनंतर राजधानीच्या वाद्यवृंदाने, समोर एकही श्रोता नसलेल्या सभागृहात, केवळ नभोवाणीपाशी बसलेल्या शोकाकुल राष्ट्रासाठी वाजविली. आणि सप्टेंबर २००१ मधील भीषण हल्ल्यांनंतर लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या अखेरच्या रात्री, जेथे एरवी उत्साहाला उधाण आलेले असते तेथे, वाद्यवृंदसंचालक लेनर्ड स्लॅटकिन यांनीही तिचीच निवड केली. सॅम्युएल बार्बर यांची ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ ही सुमारे आठ मिनिटांची रचना अशा रीतीने, कोणाच्याही फर्मानावाचून, सार्वजनिक शोकासाठी मुक्रर होऊन गेली. ज्यांनी ती संकटाच्या घटकेला ऐकली त्यांच्या अश्रूंविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु या शिरस्त्यामुळे त्या रचनेवर आणि तिच्या कर्त्यावर अन्याय झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती जन्मली तेव्हा तिच्या आसपास मृत्यूची छायाही नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी आईच्या नावे चिठ्ठी लिहून, आपला जन्म खेळाडू होण्यासाठी नसून संगीत रचण्यासाठी आहे असे कळविणारा पेन्सिल्व्हेनियातील हा मुलगा १९३६ साली सव्वीस वर्षांचा झाला होता, आणि त्या वर्षीचा उन्हाळा ऑस्ट्रियात, आपला जिवलग जान कार्लो मेनॉत्ती याच्या सहवासात घालवीत होता. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी तो जी रचना करीत होता, तिचा हा मधला, संथ भाग. तो पुरा होताच काही विलक्षण हाती लागल्याची खात्री त्याला स्वतःलाच पटली, व ती त्याने आपल्या चेलोवादक मित्राला पत्राने कळविली. पुढे त्यानेच तो भाग मोठ्या तंतुवाद्यवृंदासाठी विस्तारला, आणि ५ नोव्हेंबर १९३८ रोजी वाद्यवृंदसंचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी न्यूयॉर्कहून नभोवाणीवर तो सादर केला.

मग या संगीताचे सामर्थ्य कशात आहे? आरंभी पहिल्या व्हायोलिनांचा एकच दीर्घ स्वर एकाकी उभा राहतो. क्षणभराने इतर वाद्यांचा स्वरमेळ त्याच्या खाली येतो, आणि तो खालून आधार देत असतानाच हलतो, जणू पायाखालची भूमीच किंचित सरकावी. त्यानंतर जी स्वरावली सुरू होते ती बहुतांशी लगतच्या स्वरांवरूनच चालते. मोठी झेप क्वचित. वर चढते, थबकते, थोडी उतरते, पुन्हा चढते. मात्रांची मोजणी मध्येच बदलत राहत असल्यामुळे तिच्या चालीला श्वासाची अनियमितता येते. व्हायोलिनांकडून ती व्हायोलांच्या हाती जाते, त्यांच्याकडून चेलोंच्या, आणि मग सर्व वाद्ये आपापल्या टिपेच्या प्रदेशात एकवटतात. तेथे, जेथे याहून वर जाणे शक्य नाही अशा ठिकाणी, पूर्ण आवेगाने धरलेला स्वरमेळ एकाएकी तुटतो आणि शांतता पसरते. ही शांतता मला सबंध रचनेतील सर्वांत बोलका क्षण वाटतो. पुढे काही मंद स्वरमेळ येतात, मूळ स्वरावली परतते, आणि आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्जावर विसावा न घेता पंचमाच्या स्वरमेळावरच रचना थांबते.

ज्याला आपण येथे शोक म्हणतो तो वस्तुतः उत्कंठेचा प्रकार आहे, कारण जे गमावले त्याचा विलाप करण्यापेक्षा जे अद्याप हाती आले नाही त्याच्याकडे अखंड चढत राहण्याची ओढ या स्वरांत अधिक आहे. खुद्द बार्बर यांनी १९६७ साली तिचे गायनवृंदासाठी रूपांतर केले तेव्हा ‘आन्यूस देई’ हे शब्द योजिले. ती दया आणि शांती मागणारी, ख्रिस्ती उपासनेतील नित्याची प्रार्थना आहे. ‘प्लॅटून’सारख्या चित्रपटांनी मात्र तिला रणभूमीवरील प्रेतांशी जखडले, आणि २००४ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी तिला सर्वांत दुःखपूर्ण संगीताचा मान बहाल केला.

या कीर्तीची किंमत बार्बर यांच्या इतर कृतींना मोजावी लागली. ‘व्हेनेसा’ या ऑपेरासाठी आणि पियानो कन्चेर्टोसाठी असे दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळूनही सामान्य श्रोता त्यांना एकाच रचनेवरून ओळखतो. जेम्स एजी यांच्या गद्यावर १९४७ साली रचलेले ‘नॉक्सव्हिल : समर ऑफ १९१५’ हे सोप्रानो आणि वाद्यवृंदासाठीचे काव्यमय संगीत घ्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराच्या ओसरीवर बसलेली माणसे, रस्त्यावरून जाणारी ट्राम, अंगणातील गवतावर घातलेल्या गोधड्यांवर पहुडलेले आईबाप आणि मूल, एवढाच त्याचा विषय. बार्बर यांनी ते आपल्या वडिलांना अर्पण केले, आणि ते वडील त्याच वर्षी वारले. दुःख येथेही आहे, किंबहुना अधिक खोल आहे, पण ते सुखाच्या पोटात दडलेले आहे.

म्हणून जे जाणते लोक संगीतसभांची आखणी करतात त्यांनी ‘अडाजिओ’ तिच्या मूळ घरी, त्या चार वाद्यांच्या रचनेत, मुद्दाम ऐकवावी. तेथे तो अपुरा, पंचमावर थबकलेला शेवट हा शेवटच नसतो; त्याला लागूनच, मध्ये विराम न घेता, पहिल्या भागाचे जलद, आवेशपूर्ण संगीत पुन्हा उसळून येते. सबंध रचनेला विसेक मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.