खाणीचा खड्डा आणि माळाचे गवत

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूच्या धोरणाला मंजुरी दिली, तेव्हा त्याचे स्वागत नद्यांचे हितचिंतक आणि बांधकाम व्यावसायिक अशा दोन्ही गोटांतून झाले. असा योग सहसा जुळून येत नाही. दगड भरडून तयार होणाऱ्या या वाळूसाठी प्रत्येक जिल्ह्यात पहिल्या ५० प्रकल्पांना सवलती द्यायच्या आणि स्वामित्वधन प्रतिब्रास ६०० रुपयांऐवजी २०० रुपये आकारायचे, असे हे धोरण आहे. नदीपात्रांची झालेली दैना पाहता त्यामागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र हा हिशेब अर्धाच मांडला गेला आहे. नदीतून जेवढी वाळू उचलली जाणार नाही, तेवढा दगड कुठल्या तरी माळावरून फोडला जाणार. त्या माळावर आज काय नांदते आणि खाण संपल्यावर तेथे काय उरेल, या प्रश्नाला धोरणाच्या चर्चेत जवळपास स्थान मिळालेले नाही.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न किती निकडीचा आहे, हे पंढरपूर तालुक्यातील करकंब परिसराकडे पाहिले की ध्यानात येते. पंढरपूर-टेंभुर्णी मार्गावरचे हे मोठे गाव. पश्चिमेला भीमेचे खोरे, तेथील काळी जमीन आणि उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस. तर उत्तर आणि पूर्वेकडे माढा तालुक्याकडे सरकत जाणारा उथळ, मुरमाड प्रदेश. वाळू एका अंगाला आणि खडी-मुरूम दुसऱ्या अंगाला, अशा जागी ही गावे वसली आहेत. पंढरपूरच्या दिशेने येणाऱ्या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. एवढ्या मोठ्या रस्त्यांच्या भरावाला लागणारा मुरूम आणि खडी दूरवरून आणणे कोणालाच परवडत नाही. ती जवळच्या टेकाडांतून, गायरानांतून आणि पडीक म्हणून नोंदलेल्या खासगी जमिनींतूनच निघते.

आधी नदीचा विचार करू. वाळूउपशाला पावसाळ्यात बंदी असते. त्यामुळे उपशाचा सगळा जोर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत एकवटतो. नेमक्या याच काळात पाणी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय, छोटी आर्ली, कंठेरी चिखल्या हे पक्षी अंडी घालतात. त्यांचे घरटे म्हणजे वाळूत केलेला उथळ खळगा. जेसीबीचे चाक त्यावरून गेले, तर चालकाला कळतही नाही. पात्रातील कासवांनाही अंडी घालण्यासाठी अशीच उबदार, मोकळी वाळू लागते. म्हणजे माणसाच्या सोयीने ठरवलेला बंदीचा काळ या जीवांच्या विणीच्या काळाशी जुळत नाही, इतकेच नव्हे तर तो त्याच्या नेमका उलट पडतो.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. काढलेली वाळू पुढच्या पुरात परत येते, हा समज नदीकाठी आजही दृढ आहे आणि लिलावाचे सगळे गणित त्यावरच उभे असते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून वरच्या भीमेतून वाहत येणारी रेती आणि गाळ त्या प्रचंड जलाशयात अडतो. खाली नरसिंहपूरला नीरा मिळते. पण तिच्याही वाटेत धरणे आहेत आणि पुढे भीमेवर बंधाऱ्यांची रांग आहे. त्यामुळे पंढरपूर तालुक्यातील पात्रात जी वाळू आहे, ती बव्हंशी जुनी ठेव आहे. तिचे व्याज येणे केव्हाच थांबले आहे. नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने भरते याचा शास्त्रीय अभ्यास नसेल, तर उपशाला पर्यावरणविषयक परवानगी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट केले. धरणाखालच्या भीमेला हा निकष प्रामाणिकपणे लावला, तर कित्येक ठिकाणी उत्तर शून्याच्या आसपास येण्याची शक्यता आहे. वाळूपात्राचे पुनरुज्जीवन मानवी हातांनी होत नाही. तेथे संरक्षण म्हणजे न उचलणे, एवढाच अर्थ उरतो.

माळाचे तसे नाही. तेथे खाणीनंतरही बरेच काही करता येते; पण त्यासाठी माळ म्हणजे काय हे आधी मान्य करावे लागते. सोलापूर जिल्ह्यात पाऊस जेमतेम ५००-५५० मिलिमीटर. या पावसावर आणि बेसॉल्टच्या पातळ मुरमावर हजारो वर्षांत जे उभे राहिले, ते घनदाट अरण्य नव्हे. ती कुसळी, मारवेल, पवन्या अशा गवतांची आणि विरळ हिवर-बोरींची माळराने होत. महसुली दप्तरात त्यांना ‘पडीक’ म्हटले जाते आणि या एका शब्दाने त्यांचे जेवढे नुकसान केले, तेवढे दुष्काळांनीही केले नसेल. लांडगा, खोकड, काळवीट, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल आणि हिवाळ्यात दूरदेशांतून येणारे भोवत्या पक्षी हे सारे या ‘पडीक’ जमिनीचे रहिवासी आहेत. धनगरांच्या मेंढ्याही याच गवतावर जगतात.

बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळावरील माळढोकाकडे शासनाचे लक्ष वेधले, त्यातून १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. ते सोलापूर आणि नगर जिल्ह्यांच्या कित्येक तालुक्यांवर पसरले होते. करकंबला लागून असलेल्या माढा तालुक्याचा भागही त्यात होता. सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या या कागदी अभयारण्यात शेते, गावे, रस्ते सगळेच आले. त्यामुळे लोकांची गैरसोय झाली, रोष वाढला आणि २०१२ मध्ये ते क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणण्यात आले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे योग्यच झाले. परंतु वगळलेल्या क्षेत्रातील माळांसाठी दुसरी कोणतीही व्यवस्था केली गेली नाही. अभयारण्य नाही म्हणजे काहीच नाही, अशा अवस्थेत ते माळ खाणपट्ट्यांसाठी मोकळे झाले.

येथे एक गुंतागुंत आहे. दगडखाण वन्यजीवांचा केवळ नाशच करते असे नाही. काम थांबलेल्या खाणीचा उभा कडा हा सपाट मुलखात दुर्मीळ असलेला अधिवास असतो. शृंगी घुबड हा मोठा पक्षी नाल्यांच्या उंच दरडींत आणि जुन्या खाणींच्या कपारींत घरटे करतो. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात या घुबडाचा दीर्घकाळ अभ्यास केला. शेतीची नासधूस करणारे उंदीर-घुशी हे त्याचे प्रमुख खाद्य असल्याचे त्यातून दिसले. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात अशा पक्ष्याची किंमत वेगळी सांगायला नको. मुरमाच्या उभ्या कापात वेडा राघू आणि खंड्या बिळे कोरतात. खाणीत साठलेले पावसाचे पाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टिकले, तर परिसरातील प्राण्यांचा तो पाणवठा होतो. अर्थात काठ उभे असतील, तर तोच पाणवठा जनावरांचा आणि पोहायला उतरणाऱ्या मुलांचा बळी घेतो. कुंपण नसलेल्या खाणीत बुडून मृत्यू ही बातमी राज्यात कुठे ना कुठे दरवर्षी छापावी लागते.

म्हणूनच ‘खड्डा बुजवा आणि झाडे लावा’ हे सरधोपट सूत्र येथे अपुरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात दिलेला आदेश या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. उत्खनन संपल्यानंतर खाणपट्टाधारकाने ते क्षेत्र, तसेच उत्खननामुळे विस्कटलेले अन्य क्षेत्र, पुन्हा गवताखाली आणावे आणि चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य करावे, असे न्यायालयाने म्हटले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याच महिन्यात ही अट परवानगीपत्रांत समाविष्ट करण्याचे परिपत्रक काढले. न्यायालयाने गवत म्हटले आहे, वृक्षारोपण नव्हे. प्रत्यक्षात मात्र परवान्याच्या अटींची पूर्तता म्हणून उंदीरमारी, निलगिरी यांसारख्या रोपांची संख्या दाखवली जाते. रोपे मोजता येतात, छायाचित्रात दिसतात. गवताचे तसे होत नाही. खाणीची वरची माती आधीच विकली गेलेली असल्याने ती रोपे बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात जळतात आणि मोकळ्या जागेत वेडी बाभूळ शिरते. ती एकदा माजली की गवतही गेले आणि गवतावर घरटे करणारा पक्षीही गेला.

काय करावे लागते, याची उदाहरणे उपलब्ध आहेत. हरियाणातील गुडगाव येथे दगडखाणी आणि क्रशर बंद झाल्यावर सुमारे ३९० एकरांच्या उजाड जागेवर २०१० पासून नागरिकांच्या पुढाकाराने अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले. तेथे अरवलीच्या मूळ वनस्पतींचे बियाणे डोंगरांतून गोळा करून रोपवाटिका तयार केली गेली. तेथील झाडे सोलापुरात लावणे हास्यास्पद ठरेल. घ्यायची ती पद्धत. इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात ऊझ फेन येथे वाळू-खडीचे उत्खनन चालू असतानाच संपलेला प्रत्येक टप्पा पक्षिसंवर्धन संस्थेकडे सोपवला जातो आणि तेथे बोरूची विस्तीर्ण दलदल आकाराला येत आहे. उत्खनन करणारी कंपनी शेवटचा ट्रक भरण्याची वाट पाहत थांबत नाही, हा त्यातील धडा. आपल्याकडे बुलडाण्यात महामार्गाच्या भरावासाठी लागणारा मुरूम जुने तलाव आणि नाले खोल करून घेण्यात आला; रस्ता झाला आणि पाणीसाठाही वाढला. माळ न फोडता मुरूम मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

सोलापूरच्या मुरमाड भागात याचे रूप साधे असेल. खोदकामापूर्वी वरची वीतभर माती आणि त्यातील गवताचे बी वेगळे रचून ठेवायचे. खाणीच्या तीन बाजूंना उतार द्यायचा, एका बाजूचा कडा राखायचा. घुबडाचे घरटे असलेल्या कड्याजवळ हिवाळा ते उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत सुरुंग लावायचे नाहीत. शेवटी माती परत पसरून दोन-तीन पावसाळे चराई रोखायची आणि नंतर ती जमीन मेंढपाळांसाठी ठराविक महिने खुली करायची. यात खर्चिक असे फारसे काही नाही. अडचण जबाबदारीची आहे.

मोठ्या खनिजांच्या खाणींना खाणबंदीचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी लागते. त्यावर केंद्रीय यंत्रणेची देखरेख असते. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे राज्याच्या अखत्यारीत येतात. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक असल्याचे न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आणि त्यानंतर राज्याचे २०१३ चे नियम आले. तरी तालुका पातळीवर महसूल यंत्रणा खाणीकडे पाहते ती ब्रासच्या आकड्यातून. किती उचलले, किती स्वामित्वधन भरले, जादा उचलले असल्यास दंड किती, ही तिची सवय आहे. खाण सोडून दिल्यावर गवत उगवले की नाही, हे पाहण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरात रकानाच नाही. वन विभागाला वनहद्दीबाहेर अधिकार नाहीत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पर्यावरण रक्षण हा उच्च प्राधान्याचा विषय मानलेला आहे. पण रस्ते आणि सभागृहे यांची मागणी करणारे लोकप्रतिनिधी असतात, माळाची मागणी कोण करणार?

ती करण्यासाठी एक दार कायद्याने उघडे ठेवले आहे. २०१६ च्या अधिसूचनेनुसार गौण खनिजांचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल अंतिम करण्यापूर्वी त्याचा मसुदा २१ दिवस हरकतींसाठी लोकांपुढे ठेवावा लागतो आणि दर पाच वर्षांनी तो नव्याने करावा लागतो. कोणत्या गटातून दगड निघणार आणि कोणता गट वगळणार, हे त्यात ठरते. कृत्रिम वाळूच्या प्रकल्पांना लागणारे नवे खाणपट्टेही याच अहवालातून जातील. करकंब असो की माढ्याकडचे एखादे लहान गाव, आपल्या शिवारातील कोणत्या कड्यावर घुबड बसते आणि कोणत्या गायरानात खोकडाची बिळे आहेत, हे तेथील मेंढपाळांना तोंडपाठ असते. ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांकांसह ही माहिती त्या २१ दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचली, तर तिची नोंद घेणे प्रशासनाला भाग पडेल. खाणपट्ट्याचा करार एकदा झाला की मात्र पुढची कित्येक वर्षे हरकत ऐकायला कोणी बांधील राहत नाही.