न पाहता दिलेला निकाल

शुक्रवारचा पहिला खेळ सुटतो आणि छत्रपती संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्सबाहेर पडणारी माणसे जिना उतरता उतरताच निकाल देऊ लागतात. कोणी पाचापैकी साडेतीन तारे वाटतो, कोणी मध्यंतरालाच ‘पैसे वाया’ असे लिहून मोकळा होतो, तर कोणाचा दिग्दर्शकाच्या हेतूंचा पंचनामा घरी पोहोचेपर्यंत पुरा झालेला असतो. या गलबल्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलावेसे वाटणे ही पाहण्याचीच पुढची पायरी आहे. चिंता वाटावी ती दुसऱ्या एका गोष्टीची. चित्रपटांविषयीची जी मते आज खरोखर परिणाम घडवतात, दृश्ये कापायला लावतात आणि प्रदर्शनाच्या तारखा पुढे ढकलतात, ती बहुधा चित्रपट पाहण्याआधीच तयार झालेली असतात. हा केवळ मोबाइल युगाचा रोग आहे असे मानणे सोयीचे असले, तरी इतिहासाचा दाखला तसा नाही. पाहून दिलेले मत आणि न पाहता दिलेले मत यांचा झगडा फार जुना आहे, आणि त्यातली काही महत्त्वाची प्रकरणे याच जिल्ह्याच्या भूमीशी बांधलेली आहेत.

प्रेक्षकाच्या मताचा शास्त्र म्हणून विचार आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी शतके आधी झाला. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोग साधला की नाही हे कसे ओळखावे याची चर्चा करतो. स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, आनंदाच्या भरात फेकलेली वस्त्रे आणि अंगठ्या या खुणांना तो मानुषी सिद्धी म्हणतो. पण रंगमंडप भरलेला असावा आणि तरीही आवाज नाही, खळबळ नाही, ही अवस्था तो दैवी सिद्धीची मानतो. वाद उपजला तर निवाड्यासाठी त्याने दहा प्राश्निक नेमले आहेत: युद्धाचा प्रसंग धनुर्धराने पारखावा, वेषभूषा चित्रकाराने, शृंगार गणिकेने, संगीत गंधर्वविद्या जाणणाऱ्याने. ही यादी तिच्या काळाच्या दरबारी चौकटीतली आहे. पण मत देणाऱ्याला त्या विषयाची ओळख असावी आणि त्याने प्रयोग डोळ्यांनी पाहिलेला असावा, हे तिचे गृहीतक चौकटीबरोबर कालबाह्य होत नाही.

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, उभे राहिले. त्यानंतर थोड्याच दशकांनी, शके ७३४ मध्ये, कर्क सुवर्णवर्ष याने दिलेला वडोद्याचा ताम्रपट एलापूरच्या डोंगरावरच्या या मंदिराविषयी जे सांगतो, त्याला या परिसरातील एखाद्या कलाकृतीविषयीचा नोंदलेला अतिप्राचीन अभिप्राय म्हणायला हरकत नाही. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि हे मानवी हातांचे काम नसून स्वयंभू असावे असे त्यांना वाटते; ते घडवणारा शिल्पीही, हे आपल्याकडून कसे झाले, अशा विस्मयात पडतो. ही राजप्रशस्ती आहे आणि प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच. तरीही कर्त्यालाही पुन्हा पाहण्याची गरज वाटावी इतके काही कलाकृतीत असू शकते, याची जाण त्या अज्ञात प्रशस्तिकाराला होती. याच्या उलट टोकाला १८१९ च्या २८ एप्रिलची नोंद आहे. शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत उतरलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रित खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. चित्राविषयी त्याने तिथे एक शब्दही लिहिला नाही. जे कोरले ते स्वतःच्या हजेरीविषयी, आणि तेही चित्राच्या अंगावर. पाहणाऱ्याचे हे दोन नमुने, एक पाहून विस्मय पावणारा आणि एक हजेरी लावून निघून जाणारा, पुढच्या प्रत्येक माध्यमाच्या वाट्याला आले आहेत.

१८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तेव्हा या देशातल्या प्रेक्षकाकडे नव्या चमत्काराविषयी बोलायला भाषाच नव्हती. ती घडायला चौदा-पंधरा वर्षे लागली, आणि घडवणाऱ्यांत अग्रभागी होता तो एक प्रेक्षक. धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांचे एकदा पाहून समाधान झाले नाही. ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले, नंतर महिनोन्‌महिने मिळेल तो चित्रपट पाहत राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी आपल्या त्या पाहण्याची कहाणी स्वतःच सांगितली. भारतीय चित्रपटाचा पाया ज्या मतावर उभा आहे ते मत असे वारंवार पाहण्यातून पिकलेले आहे, ही गोष्ट आपण चित्रपटाच्या शतकोत्सवात आठवली आणि उत्सव संपताच विसरलो.

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाला पाच वर्षे होतात न होतात तोच, १९१८ मध्ये, सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि पाहण्याआधी निकाल देण्याचा अधिकार सरकारी टेबलावर स्थिरावला. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने मुंबईपासून रंगूनपर्यंत साक्षी नोंदवल्या. त्या कागदांत निर्माते, थिएटरमालक, वकील, शिक्षक, समाजसेवक बोलतात. चार आण्यांच्या तिकिटावर जमिनीवर बसून पाहणाऱ्याविषयी त्यांत पुष्कळ बोलले जाते, पण तो स्वतः क्वचितच बोलतो. प्रेक्षकाच्या नावाने इतरांनी मत देण्याची आपली सवय त्या काळापासूनची आहे.

मग १९३५ साल उगवते. पैठणच्या संत एकनाथांवर प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, बालगंधर्वांना नाथांच्या भूमिकेत घेऊन, ‘महात्मा’ नावाचा चित्रपट तयार केला. विषय अस्पृश्यतेचा होता आणि शीर्षकातून गांधीजींची आठवण जागी होत होती. सेन्सॉरच्या हरकतीनंतर तो ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला. नाथांनी जातिभेदाविरुद्ध जे आचरण सोळाव्या शतकात गोदाकाठी केले, ते विसाव्या शतकातल्या सरकारला पडद्यावर अडचणीचे वाटावे, हा विरोधाभास पैठणच्या जिल्ह्याने तरी विसरू नये. त्याच वर्षी मुंबईत बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ सुरू झाले. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली खोचक उत्तरे देशभर वाचली जात आणि त्यांच्या एका परीक्षणाची निर्मात्यांना धास्ती वाटे. पुढे त्यांनी स्वतःही चित्रपट काढले, म्हणजे न्यायाधीश आणि पक्षकार एकाच अंगरख्यात आले. सरकारचा आधीच ठरलेला निकाल आणि बाजाराशी नाते जोडून बसलेले परीक्षण, या आजच्या दोन्ही व्याधी नव्वद वर्षांपूर्वी एकाच वर्षात शेजारी शेजारी उभ्या होत्या.

तेव्हाचे औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. सभा भरवायची तर सरकारी परवानगी सक्तीची करणारी गश्ती क्रमांक ५३ लागू असलेल्या मुलखात चारचौघांत मत मांडणे हाच संशयाचा विषय होता, आणि ‘मराठवाडा’सारख्या पत्राला बंदीशी झगडत निघावे लागत होते. ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. परदेशी परीक्षकांचे मत ग्रंथांत नोंदले गेले, पण मराठवाड्यातला वारकरी तो चित्रपट पाहून घरी काय बोलला, हे टिपून ठेवणारी यंत्रणा कुठेच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यावर बोलण्याचे स्वातंत्र्य आले. नोंदवण्याची सवय मात्र आपोआप आली नाही.

ती सवय लावण्याचा प्रयत्न फिल्म सोसायट्यांनी केला. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशातील सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. तिथली रीत साधी होती: चित्रपट अथपासून इतिपर्यंत पाहायचा, दिवे लागल्यावर थांबायचे, न पटलेले मत ऐकून घ्यायचे आणि जमल्यास लिहून काढायचे. संग्रहालयाचे पी. के. नायर नष्ट होत चाललेल्या रिळांच्या मागे आयुष्यभर फिरले. तरीही १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या चित्रपटाविषयी आता फक्त ऐकीव मत शक्य आहे, हे लक्षात घेतले म्हणजे जतन आणि समीक्षा ही एकाच कामाची दोन अंगे असल्याचे कळते.

या चळवळीची मर्यादाही झाकता येणार नाही. ती मोठ्या शहरांतल्या सुशिक्षितांपुरती राहिली आणि भरताच्या प्राश्निकांसारखी आपापसांत बोलत राहिली. रसिक कोण आणि मत देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मुळापासून विचारला गेला तो औरंगाबादेत, आणि तो सिनेमाच्या नव्हे तर साहित्याच्या अंगाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात जी पिढी घडली, तिच्या लेखनाला गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने साठच्या दशकाच्या अखेरीपासून व्यासपीठ दिले; ज्यांच्याविषयी इतर बोलत आले होते ते स्वतः बोलू लागले, आणि प्रस्थापित समीक्षेला आपल्या सौंदर्यकल्पना पुन्हा तपासाव्या लागल्या. आज हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण परीक्षक झाला म्हणून हळहळणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. मत देणाऱ्यांची संख्या वाढल्याने संस्कृती खालावत नाही; ऐकण्याची जागा आक्रसली की खालावते.

२९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने हे सारे धागे एका अंधाऱ्या सभागृहात आणले. त्यातल्या गाण्यावर खुर्च्यांमधल्या वाटेत नाचणारा प्रेक्षक शेवटच्या निःशब्द प्रसंगाला जागच्या जागी थिजत होता. भरताने सांगितलेल्या मानुषी आणि दैवी अशा दोन्ही सिद्धी तीन तासांच्या एकाच खेळात उमटत होत्या. बाहेर आल्यावर मात्र पुष्कळांची मते आपापल्या जातीच्या वस्तीत परतली. सभागृहाने दिलेली ती सामाईक स्तब्धता बाहेरच्या चर्चेत टिकवून धरील अशी संस्था आपण उभी केली नव्हती.

२०२५ ने तर १९३५ ची उजळणीच केली. महात्मा फुले यांच्यावरचा ‘फुले’ ट्रेलरवरून उठलेल्या आक्षेपांच्या गदारोळात एप्रिलमध्ये ठरलेल्या तारखेऐवजी दोन आठवड्यांनी आला, आणि परिनिरीक्षण मंडळाने जातिवाचक उल्लेखांत बदल सुचवले. त्याआधी, ज्यांचे नाव या शहराने धारण केले आहे त्या छत्रपती संभाजी महाराजांवरच्या ‘छावा’तील लेझीमचे दृश्य ट्रेलरवरच्या आक्षेपांनंतर काढले गेले. चित्रपट १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला, प्रेक्षक हेलावून बाहेर पडले, आणि मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आली. नागपुरात हिंसा उसळल्यावर या चित्रपटाने लोकांच्या औरंगजेबाविरुद्धच्या भावना जागवल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. एखाद्या कलाकृतीने भावना जागवणे हा तिचा धर्मच आहे. प्रश्न असा की जाग्या झालेल्या भावनेला ज्ञानापर्यंत नेणारी वाट समाजाने बांधली होती का? संभाजी महाराजांच्याच बाबतीत याचे उत्तर आपल्या इतिहासाने दिलेले आहे. नाटकांनी आणि बखरींनी त्यांची जी व्यसनी, उच्छृंखल प्रतिमा कित्येक पिढ्यांच्या मनावर ठसवली होती, ती खोडून काढायला वा. सी. बेंद्रे यांना दशकांचे संशोधन करावे लागले आणि त्यांचे चरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. रंगमंचावरून मिळालेले मत कागदपत्रांशी न ताडता स्वीकारल्याची किंमत ज्या राजाने मरणोत्तर मोजली, त्याच्या भक्तांनी तरी पडद्यावरून मिळालेल्या मताला इतिहासाची जागा देताना थांबायला हवे, मग ते मत निंदेचे असो की गौरवाचे.

या शहरात थांबण्याचा एक सराव सुरू आहे, हे आशेचे लक्षण. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची दहावी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये पार पडली आणि तिचा पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना मिळाला. विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, गावांहून आलेली नाट्यवेडी मुले परक्या भाषेतला चित्रपट अखेरपर्यंत पाहतात आणि नंतर दिग्दर्शकाला थेट प्रश्न विचारतात, हे दृश्य मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनात लहान नाही. पण महोत्सव पाच दिवसांचा असतो आणि निकालांचा बाजार उरलेले तीनशे साठ दिवस भरलेला असतो. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत वर्षभर चालणारी फिल्म मंडळे, आणि या शहराच्या एकपडदा टॉकीजमध्ये वाढलेल्या प्रेक्षकांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदवून घेणारा एखादा संग्रह, यांना लागणारा खर्च एका पुतळ्याच्या सुशोभीकरणाहून जास्त नसावा. आणि त्या आठवणी सांगू शकणारी पिढी फार काळ आपल्यात राहणार नाही.

इतिहास इथे एक क्रम वारंवार दाखवतो. नवे माध्यम येते, आधी विस्मय येतो, मग सत्तेला भय वाटते, बाजाराला मताची किंमत कळते, आणि न पाहणारे पाहणाऱ्यांच्या वतीने निकाल देऊ लागतात. त्या त्या वेळी त्या निकालांचाच धाक मोठा असतो. ‘महात्मा’चे नाव बदलायला भाग पाडणाऱ्यांचा शब्द १९३५ मध्ये अखेरचा ठरला होता. पण आज त्या अधिकाऱ्यांची नावे कोणाच्या ओठावर नाहीत आणि तो चित्रपट अभ्यासला जातो. न पाहता दिलेल्या मताला सत्ता मिळते, पाहून दिलेल्या मताला आयुष्य मिळते; आपल्या हातातल्या मताला यांपैकी काय मिळावे, हे ते लिहिण्यापूर्वी प्रत्येक प्रेक्षकाला ठरवता येते, आणि त्यासाठी कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.