फेलोशिप पाच तारखेला जमा करा, नाहीतर गाठ जतकरांशी

हा अर्ज नाही, विनंती नाही आणि निवेदन तर मुळीच नाही. निवेदनं देऊन झाली. संशोधकांना फेलोशिप देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था चालवणारं राज्य शासन, केंद्राच्या फेलोशिपचे कागद पुढे सरकवणारी विद्यापीठं आणि संशोधन केंद्रं, आणि या सगळ्यांच्या मधे बसून हात मारणारे, अशा सर्वांना हा इशारा आहे. तो सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या, त्यांच्या आईबापांच्या आणि त्यांना शिकवणाऱ्यांच्या वतीने देत आहोत. मुदत 30 जूनची.

जतचा आवाज हलक्यात घ्यायची मुंबईला सवय आहे, म्हणून आधीच आठवण करून देतो. पाण्यासाठी आमच्या पूर्व भागातल्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले, तेव्हा त्यांची टिंगल झाली. मग नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच ठरावांचा हवाला देऊन तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेची फाईल मंत्रालयात एकदम सापडली. इथली माणसं उशिरा बोलतात. बोलल्यावर मागे येत नाहीत.

आता मुद्दा. फेलोशिप मंजूर करताना तुम्ही पोराकडून लिहून घेता, की मी पूर्णवेळ संशोधन करीन, दुसरी नोकरी धरणार नाही, दुसरं मानधन घेणार नाही. म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवायचं नाही, खाजगी क्लासमध्ये केमिस्ट्रीचा तास घ्यायचा नाही, एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलची रात्रपाळी करायची नाही. कबूल. अट रास्त आहे. पण ज्याने हात बांधले त्यानेच घास वेळेवर भरवायचा असतो. कागदावर 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहेत, पहिल्या दोन वर्षांनंतर 42,000. खात्यावर मात्र महिनोन्‌महिने काही नाही, आणि मग एखाद्या दिवशी एकदम ढीग. तोवर खोलीचं भाडं थकलेलं, मेसवाल्याने वही बंद केलेली, आणि गावाकडे बापाने डाळिंबाच्या बागेवर आणखी एक उचल घेतलेली. उशिरा दिलेल्या पैशावर तुम्ही व्याज देत नाही. सावकार मात्र ते घेतो.

शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांना शिकत असताना दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, महिना 60 रुपये. रक्कम छोटी होती, पण तिच्या भरवशावर पुढचा महिना आखता येत होता. आमचं भांडण आकड्याशी नाहीच, तारखेशी आहे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला या उशिराचा फटका सगळ्यात जास्त बसतो. इतिहासाचा विद्यार्थी पैसे नसले तर निदान ग्रंथालयात बसून वाचू शकतो. केमिस्ट्रीवाल्याची रिॲक्शन उधारीवर चालत नाही. सिलिका जेल लागतं, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट लिटरच्या हिशेबात लागतं, पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट ग्रॅमला काही हजारांनी मिळतो. आकस्मिक खर्चासाठी विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला 12,000 रुपये ठरलेले आहेत. तेही थकले की काय होतं ते प्रयोगशाळेत येऊन बघा. टीएलसीच्या प्लेटी कात्रीने इतक्या अरुंद कापतात की दोन ठिपके शेजारी मावत नाहीत. वापरलेलं हेक्झेन रोटावर परत ओढून पुन्हा कॉलमवर घालतात. कंपाउंड कसंबसं शुद्ध होतं, आणि मग त्याची रचना तपासणाऱ्या एनएमआर चाचणीची फी भरायला पैसे नाहीत म्हणून ते व्हायलमध्ये बंद होऊन फ्रीजमध्ये पडून राहतं. हप्ता जमा होतो तेव्हा व्हायल उघडावी, तर आतला पदार्थ पिवळ्याचा तपकिरी झालेला. चार महिन्यांचं काम गेलं. या नुकसानीचा रकाना कोणत्याही प्रगती अहवालात नाही.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? पुढे खुलासा झाला, तो आम्हीही वाचला. पण प्रश्न सभागृहात झाला आहे, तर उत्तर द्राक्षपट्ट्यातूनच घ्या. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. तिथली मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. वेलीची वाढ रोखायला मारलेलं ते औषध, बागायतदाराच्या भाषेत सीसीसी, फळात किती उतरलं हे डोळ्यांनी दिसत नाही. ते मोजायला केमिस्ट लागतो. सांगली जिल्ह्यात बेदाणा करताना घड बुडवतात ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात. ते डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. मण्यावरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं. आमच्या शेडवर रोज रसायनशास्त्र चालतं. फक्त ते समजून घेणारं पोर शिकलं तर तुम्हाला खर्च जड होतो!

निवड परीक्षांचं तर विचारूच नका. 24 डिसेंबर 2023 रोजी बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा घेतली, तिला 2019 च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिका जशीच्या तशी आली. फेरपरीक्षा 10 जानेवारी 2024 ला ठेवली, तर काही संच सीलबंद नव्हते म्हणून केंद्राकेंद्रांवर बहिष्कार पडला. केंद्र सरकारचीही तऱ्हा वेगळी नाही. सीएसआयआर-नेट जून 2024 मध्ये चार दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि महिन्याने घेतली. ही परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत होते. मराठीत नाही, आणि आमच्या सीमेवरच्या पोरांच्या घरी बोलतात त्या कन्नडातही नाही. राजे रामराव महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन कोल्हापूर गाठणारी आमची पोरं त्याबद्दल रडत बसलेली नाहीत. निदान पेपर तरी नवा काढा.

मधल्या मंडळींशी थोडक्यात बोलतो, कारण त्यांना जास्त शब्दांची गरज नाही. हप्ता जमा झाल्यावर सहीसाठी, अहवालासाठी, 'प्रयोगशाळेच्या खर्चासाठी' विद्यार्थ्याकडून वाटा मागणारा मार्गदर्शक असो की लिपिक, त्याने आजपासून थांबावं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे आणि तो आता आमच्या प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये आहे. तिसरे लोक म्हणजे नोंदणी शुल्क घेऊन 'आंतरराष्ट्रीय उत्कृष्ट संशोधक पुरस्कार' वाटणारे. हॉटेलच्या हॉलमध्ये फेटा, शाल, काचेचं सन्मानचिन्ह आणि फोटो, त्याचे पैसे विद्यार्थ्याच्याच खिशातून. असा पुरस्कार घेणाऱ्या आमच्या पोरांनाही ऐकवतो: तो तुमच्या अर्जात दिसला तर शिफारसपत्र मागायला येऊ नका.

केंद्राच्या फेलोशिपसाठी अनेक वर्षं पद्धत अशी आहे, की विद्यार्थी हजर असल्याची खातरजमा संस्थेतल्या दोन माणसांनी पोर्टलवर दर महिन्याला करायची. एक मेकर, दुसरा चेकर. मेकर रजेवर गेला, की पोर उपाशी. दोन क्लिकचं काम. ते वेळेत होत नसेल तर त्या दोघांचा पगारही त्याच तारखेपर्यंत रोखावा, अशी आमची साधी सूचना आहे.

आता अटी. फेलोशिप दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत जमा झाली पाहिजे, आणि वर्षाची जाहिरात, परीक्षा, निकाल यांच्या तारखा आधी छापल्या पाहिजेत. हप्ता देण्याचं काम महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित करा. त्या कायद्यात कामचुकार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. जातीच्या दाखल्याला जो न्याय, तोच आमच्या हप्त्याला. थकबाकी मात्र 30 जूनच्या आत, एकरकमी.

नाही झालं, तर 1 जुलैला तालुक्यातला प्रत्येक संशोधक विद्यार्थी माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारेल: माझी फाईल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती? उत्तराला 30 दिवस आहेत. त्यानंतर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, 25,000 पर्यंत दंड होऊ शकतो, आणि आम्ही अपिलं शेवटपर्यंत नेणार. दर महिन्याच्या 6 तारखेला जतच्या तहसील कार्यालयासमोर फळा उभा राहील. त्यावर विद्यार्थ्याचं नाव नसेल. कार्यालयाचं नाव आणि थकलेले महिने असतील. ऑगस्ट उजाडला, की याचिका. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात आहे, सांगली जिल्हा त्याच्याच हद्दीत येतो. त्यासाठी आता मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही.

चर्चेला बोलावू नका, शिष्टमंडळ येणार नाही. द्यायचंच असेल तर शासन निर्णय द्या, त्यावर अंमलबजावणीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम असलं पाहिजे. 'लवकरच कार्यवाही करण्यात येईल' असं लिहिलेला कागद आला, तर तो आम्ही नकार समजू.