झेंडा फडकल्यावरचं गाणं

बॉब मार्लीचा टी-शर्ट शारजातल्या रोल्लाच्या गर्दीतही हमखास दिसतो. जटा, धूर, हसरा चेहरा. घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याला ऐकलंय कोण जाणे! कारण 1979 चा 'सर्व्हायव्हल' ऐकला की हा टी-शर्टवरचा मार्ली ओळखीचा वाटेनासा होतो. त्या अल्बमच्या वेष्टनावर तो स्वतः नाहीच. नेव्हिल गॅरिकने तिथे आफ्रिकी देशांचे झेंडे ओळीने मांडलेत (पापुआ न्यू गिनीचाही एक त्यात घुसलाय) आणि नावाच्या पट्टीमागे गुलामांच्या जहाजाचा जुना आराखडा आहे. माणसं खेटून-खेटून रचलेली, मालासारखी.

आमच्या इमारतीचा वॉचमन युगांडाचा. मोबाइलवर हे चित्र दाखवलं, तर त्याने बोटांनी मोठं करत आधी आपल्या झेंड्यावरचा क्रौंच पक्षी शोधून काढला. मग रोल्लात शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "भाई, एक साथ बस फोटो में है."

मार्लीला हे कळत नव्हतं असं नाही. आफ्रिकेने एक व्हावं असं तो या अल्बममध्ये गातो, पण 'झिम्बाब्वे' या गाण्यात लढणाऱ्यांना पाठिंबा देतानाच आपसातल्या सत्तेच्या भांडणाबद्दल बजावतो. खरा क्रांतिकारक कोण हे लवकरच कळेल, असंही सांगतो. तेव्हा तो देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. 17 एप्रिल 1980 च्या रात्री रुफारो स्टेडियममध्ये स्वातंत्र्याचा सोहळा झाला. मार्ली पदरचे पैसे खर्चून तिथे गायला गेला होता. बाहेर अडवलेली सामान्य माणसं आत घुसू लागली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. नव्या झेंड्याच्या पहिल्याच रात्री! दुसऱ्या दिवशी त्याने लोकांसाठी पुन्हा कार्यक्रम केला. पुढे नव्या देशाचे प्रमुख झालेल्या मुगाबेंच्या लष्कराने माटाबेलेलँडमध्ये आपलीच हजारो माणसं मारली. मुगाबे खुर्चीवरून उतरले ते थेट 2017 मध्ये.

आपल्याकडे आपल्याच माणसांना टोकण्याचं हे काम अण्णा भाऊ साठ्यांनी आधीच केलं होतं. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, आणि 16 ऑगस्ट 1947 ला, म्हणजे तिरंगा फडकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भुकेल्यांचं काय, हे विचारत मुंबईत मोर्चा नेला. पुढे स्वतंत्र देशाच्या सरकारनेच त्या कलापथकावर बंदी घातली.

परक्या सत्तेविरुद्ध गायला धाडस लागतंच. पण आपला झेंडा वर चढत असताना आपल्याच माणसांना टोकणं जास्त अवघड, आणि माझ्या लेखी 'सर्व्हायव्हल'चं मोठेपण तिथे आहे. वेष्टनावरच्या झेंड्यांमध्ये नाही. ऐकणार असाल तर 'झिम्बाब्वे'पासून सुरुवात करा. पहिल्यांदा पाय ठेका धरतीलच, म्हणून दुसऱ्यांदा शब्दांसाठी ऐका.