शिळ्या पावाचा गोड रविवार

रविवार उजाडला की कामावर जाणाऱ्यांना सुटी, शाळकरी मुलांना सुटी. घरच्या बाईला मात्र त्या दिवशी काम जास्तच. आधी चहा-नाश्ता, मग वाटण-घाटण, जेवण आणि भांड्यांचा ढीग. ती स्वतः सहा दिवस नोकरीला किंवा मजुरीला जात असली तरी यात फरक पडत नाही. म्हणून या खेपेला आम्ही घरातल्या कुणालाही जमेल असा पदार्थ निवडला आहे. तो म्हणजे फ्रेंच टोस्ट.

नाव मोठे असले तरी पदार्थ गरिबाघरचाच आहे. फ्रेंच लोक याला 'पां पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. कडक झालेला पाव फेकायचा नाही, तर दूध-अंड्यात भिजवून तव्यावर परतायचा. एपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहातही दुधात भिजवून तळलेला आणि वर मध घातलेला पाव आहे. आपल्याकडे काही जण यालाच 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात.

चार माणसांसाठी ब्रेडच्या आठ स्लाइस, तीन अंडी, एक कप दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलचीपूड घ्यावी. आधी अंडी फेटावीत, मग त्यात बाकीचे जिन्नस मिसळावेत. शिळी स्लाइस दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस सेकंद भिजू द्यावी. ताजी असेल तर नुसती बुडवून काढावी, नाहीतर उचलतानाच तुटते. म्हणूनच या कामाला आदल्या दिवसाचा पाव बरा. लादीपाव असेल तर आडवा कापून दोन भाग करावेत.

तव्यावर थोडे तूप किंवा तेल सोडून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे भाजावी. आच मोठी केली तर साखर करपते आणि आतले अंडे कच्चे राहते. अंडे पूर्ण शिजलेच पाहिजे. मुलांच्या पोटात जायचे आहे, तेव्हा इथे घाई नको. गोड नको असेल तर साखर-वेलचीऐवजी बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर हळद घालावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शिळा पाव वेगळा आणि बुरशी आलेला पाव वेगळा. हिरवा-पांढरा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेला वापरू नका. मऊ पावात बुरशी आतपर्यंत पसरलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही. असा पाव सरळ टाकून द्यावा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पावाला बुरशी उशिरा येते हे खरे, पण तो कडक लवकर होतो. तो या टोस्टला चालतो.

आता वेळेचे बघू. सकाळी उशिरा नाश्ता आणि जेवण एकत्रच उरकायचे, याला इंग्रजीत 'ब्रंच' म्हणतात. गाय बेरिंगर या इंग्रज लेखकाने 1895 साली एका लेखात रविवारच्या अशा जेवणाचा पुरस्कार केला होता. ही काही फक्त मोठ्या हॉटेलांची मिरासदारी नव्हे. दहा-अकराच्या सुमारास टोस्ट, सोबत केळी, मूठभर शेंगदाणे आणि चहा घेतला की सकाळची एक वेळची चूल वाचते. अंडे आणि दूध असल्याने मुलांचे पोटही नीट भरते.

मात्र ही वाचलेली वेळ बाईच्या वाट्याला आली तरच उपयोग. अंडी फेटणे दहा वर्षांच्या मुलालाही जमते, मुलीलाही जमते. तवा मोठ्यांनी सांभाळावा, आणि मोठे म्हणजे फक्त आई नव्हे. पुरुषमाणसाने आठ टोस्ट उलटले तर त्याचा हात काही झिजत नाही. भांडीही ज्याने-त्याने आपापली घासावीत.

तेव्हा येत्या रविवारी तवा कोण धरणार, हे शनिवारी रात्रीच ठरवून टाका.